तडा गेलेल्या पोलला टेप पुरते का?

बांबूउडीच्या पोलला बारीक तडा गेला तर घट्ट टेप गुंडाळली की झालं, असा समज बराच पसरलेला आहे. टेपने पकड चांगली होते, त्यामुळे तो पटतोही. पण पोल वाकतो तेव्हा जवळजवळ सारा ताण त्यातले काचतंतू, म्हणजे फायबरग्लासचे बारीक धागे, पेलतात. तुटलेल्या तंतूंचा भार शेजारच्यांवर येतो, आणि तड्याच्या टोकाशी तो सर्वाधिक असतो. टेप सहज ताणली जाते, म्हणून तिच्या वाट्याला भार जवळजवळ येतच नाही. शिवाय वाढणारा तडा तिच्याखाली झाकला जातो. मला याचीच जास्त काळजी वाटते.

तपासायचं असेल तर टेप काढा, पोल पुसा, तिरप्या उजेडात फिरवून पाहा, कापसाचा बोळा फिरवा. तंतू उघडे पडले असतील तिथे कापूस अडकतो. तिथे तडा किंवा बुटाच्या स्पाइकची (तळाच्या खिळ्याची) खोल खूण दिसली, तर त्या पोलवर उडी नकोच.