राव आधी की रावपुरा?

बडोद्यातल्या वस्त्यांची नावं मराठीत क्रमाने लावायला 'सी' या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः तुलनेचं फंक्शन लिहिलं, की कधीकधी 'राव' हा शब्द 'रावपुरा'च्या खाली जाऊन बसतो. इंग्रजी नावांवर तेच फंक्शन बिनबोभाट चालतं.

'सी'ची आजी म्हणजे बीसीपीएल ही जुनी भाषा. तिच्यात स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या माळेची, लांबी पहिल्याच बाइटमध्ये ठेवत. केन थॉम्प्सन यांच्या 'बी' भाषेत ती पद्धत गेली आणि शेवटी खुणेचं अक्षर आलं. डेनिस रिची यांच्या 'सी'त ती खूण शून्य बाइट झाली. लांबी आठ-नऊ बिटांत कोंबली की स्ट्रिंग मोठी करता येत नाही, शिवाय मोजणी सांभाळण्यापेक्षा खूण सोयीची, अशी कारणं रिची यांनी १९९३ मध्ये दिली. म्हणून दोन स्ट्रिंगची तुलना करताना फरक सापडेपर्यंत किंवा शून्य येईपर्यंत एकेक बाइट पुढे सरकायचं.

केर्निघन आणि रिची यांच्या 'सी'वरच्या १९७८च्या पुस्तकातलं स्ट्रकम्प हे तुलनेचं फंक्शन पहिल्या वेगळ्या जागेवरच्या दोन कॅरेक्टरची वजाबाकी परत करतं; उत्तर ऋण आलं तर पहिली स्ट्रिंग आधी. इंग्रजी अक्षरांच्या सात बिटी आस्की संकेतांना एवढं पुरे होतं. पण पीडीपी-११ या त्या काळच्या संगणकावर बाइट रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खान्यात, घेताना चिन्हासकट पसरायचा. १२७च्या वरची किंमत ऋण व्हायची. कॅरेक्टर साइन्ड (ऋण किंमतही घेणारं) की अनसाइन्ड (कधीच ऋण न होणारं), हे भाषेने कंपायलरवर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामवर, सोडलं. एक्स८६ प्रोसेसरवर ते सहसा साइन्ड, आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर अनसाइन्ड. त्यामुळे एकाच कोडची यादी दोन मशीनवर दोन तऱ्हेने लागते.

युनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'राव' नऊ बाइट. दहाव्या जागी इकडे शून्य, तिकडे 'प'चा पहिला बाइट २२४. साइन्ड असेल तर तो -३२. शून्यातून वजा केला की +३२, म्हणजे 'राव' मोठा! वजाबाकीआधी दोन्ही बाइट अनसाइन्ड केले की -२२४ येतं आणि 'राव' वर जातो.

'सी'च्या १९८९च्या आन्सी मानकाने तुलना अनसाइन्डच धरली. मात्र उत्तराच्या चिन्हापलीकडे काही वचन दिलं नाही, आणि लोक नेमके तिथेच फसतात. २०१२ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सापडलेली चूक याच जातीची: बाइटांची तुलना करणाऱ्या मेमकम्प फंक्शनचं उत्तर एका बाइटमध्ये कोंबलं होतं. काही बिल्डमध्ये (कंपाइल केलेल्या प्रतींमध्ये) ते २५६च्या पटीत आलं की बाइटमध्ये शून्य उरे आणि चुकीचा पासवर्डही चाले, साधारण २५६ प्रयत्नांत एकदा.

अनसाइन्ड करूनही मराठी क्रम मिळत नाही तो नाहीच. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. भाषेनुसार क्रम लावण्यासाठी स्ट्रकोल हे फंक्शन त्याच मानकात आहे.