नवख्याला आधार, जाणत्याला अडथळा

समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागलेली एक कार्यकर्ती पहिल्यांदाच एकटी गृहभेटीला जाऊन आली आहे असं समजा. सुपरव्हायझर विचारतात, "काय झालं?" ती वही उघडून वाचू लागते: मी ओळख करून दिली, मी फॉर्म भरून घेतला, मला मध्येच काय बोलावं सुचेना, मी पुढची तारीख दिली. वाक्यागणिक 'मी'. मुलगा शाळेत का जात नाही या प्रश्नावर त्याची आई क्षणभर थांबली होती का, तिने नवऱ्याकडे पाहिलं होतं का, हे तिला सांगता येत नाही.

हा निष्काळजीपणा नव्हे. 'आपलं चुकत तर नाही ना' या धास्तीतच तिचं सगळं लक्ष खर्ची पडलं, समोरच्या बाईसाठी काही उरलंच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल स्टोल्टेनबर्ग यांनी 1981 मध्ये समुपदेशकांच्या वाढीचे टप्पे मांडले, आणि 1987 मध्ये अर्सुला डेलवर्थ यांच्यासोबत त्या मांडणीला पक्कं रूप दिलं. समुपदेशकांसाठी केलेली ही मांडणी समाजकार्यातल्या क्लिनिकल सुपरव्हिजनलाही, म्हणजे कार्यकर्त्याच्या केसेसवर सुपरव्हायझरने त्याच्यासोबत बसून केलेल्या मार्गदर्शनालाही, लागू पडते. माणूस कुठल्या टप्प्यावर आहे हे ती तीन गोष्टींवरून ओळखते: त्याचं लक्ष स्वतःकडे आहे की सेवार्थीकडे (ज्याच्यासाठी काम करायचं त्या माणसाकडे), कामाची उमेद किती टिकून आहे, आणि तो सुपरव्हायझरवर किती अवलंबून आहे.

पहिल्या टप्प्यावर उमेद भरपूर असते आणि भीतीही तितकीच. अशा वेळी "तुला काय वाटतं, तूच ठरव" हे वाक्य ऐकायला कितीही उदार वाटलं, तरी नवख्या माणसाला ती तोंडी परीक्षाच वाटते. त्याला हवं असतं ठोस काही: पुढच्या भेटीत आधी हे विचार, आई गप्प झाली तर लगेच दुसऱ्या प्रश्नावर उडी मारू नकोस, चल, आपण एकदा करून पाहू, मी आई होते.

मात्र हीच शिकवणी दहा वर्षं काम केलेल्या माणसाला दिली की तो वैतागतो, आणि त्यात नुसता अहंकार नसतो. स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये शिकण्यावरचे बरेच प्रयोग एकत्र तपासून दाखवलं की ज्या तपशीलवार सूचनांनी नवख्याचं शिकणं सोपं होतं, त्याच सूचना जाणत्याच्या वाटेत येतात. जाणत्याच्या डोक्यात त्या कामाचा आराखडा तयार असतो. बाहेरून आलेली प्रत्येक सूचना त्याला त्या आराखड्याशी ताडून पाहावी लागते, आणि ते वाढीव ओझं होतं.

खरी कसोटी लागते ती मधल्या टप्प्यावर. आता लक्ष स्वतःवरून उठून सेवार्थीवर गेलेलं असतं, कधीकधी नको तितकं. मारहाण सोसणाऱ्या एका बाईला कार्यकर्त्याने खटपट करून निवारागृहात जागा मिळवून दिली आणि आठवड्यात ती घरी परतली. कार्यकर्ता चिडतो, मग खचतो, मग म्हणतो की या कामात काही अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात तोच माणूस एखाद्या केसमध्ये सुपरव्हायझरला न विचारता मोठा निर्णय घेऊन मोकळा होतो. एक दिवस सल्ला हवा, दुसऱ्या दिवशी नको. वरून पाहणाऱ्याला ही अधोगती वाटते. या मांडणीनुसार ती वाढच आहे: काम किती गुंतागुंतीचं आहे हे आता त्याला दिसू लागलं आहे. त्याला पुन्हा नियमावली वाचून दाखवण्यात हशील नाही. "ती परत गेली हे कळलं तेव्हा तुझं काय झालं?" इथून सुरुवात केली तर राग नेमका कोणावर होता ते बाहेर येतं, आणि ती बाई का परतली याचा विचार त्यानंतरच शक्य होतो.

पण हे बोललं जातंच असं नाही. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मानसोपचार शिकणाऱ्या 108 जणांना विचारलं, तेव्हा 97 टक्क्यांहून अधिक जणांनी सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवल्याचं मान्य केलं. लपवलेल्या गोष्टींत सुपरव्हायझरबद्दलची नाराजी ठळक होती. समाजकार्यात तर आणखी एक पेच आहे. समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कडुशिन यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत: प्रशासन, शिक्षण आणि आधार. म्हणजे ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं, तोच अनेकदा वर्षअखेरीस गोपनीय अहवाल लिहिणार!

तिसऱ्या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे सुपरव्हिजन म्हणजे दोन सहकाऱ्यांची चर्चा असते, आणि विषय बहुतेक वेळा कार्यकर्ताच ठरवतो.

हे टप्पे माणसाच्या कपाळावर मारायचे शिक्के मात्र नव्हेत. बालसंरक्षणात मुरलेला माणूस मरणासन्न रुग्णांसोबत काम करू लागला की तिथे तो पुन्हा पहिल्या टप्प्यावर असतो. संकटातही गणित बदलतं. 1989 मध्ये टेरेन्स ट्रेसी आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की एरवी मोकळीक मागणारे अनुभवी प्रशिक्षणार्थीसुद्धा, सेवार्थीच्या मनात आत्महत्येचे विचार असतील तेव्हा, स्पष्ट आणि बांधेसूद मार्गदर्शनच पसंत करतात. ते रास्तच आहे.

शिवाय नोकरीची वर्षं मोजून टप्पा ठरवणं धोक्याचं. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 170 मानसोपचारकांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सरासरी पाहता, अनुभव वाढत गेला तसे परिणाम सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. काही जण सुधारले, पण काळ गेला की सुधारणा होतेच असं दिसलं नाही. म्हणूनच कार्यकर्त्याच्या तोंडी हकिकतीवर विसंबण्यापेक्षा अधूनमधून त्याच्यासोबत भेटीला जाणं, किंवा सेवार्थीच्या परवानगीने केलेलं ध्वनिमुद्रण ऐकणं केव्हाही बरं. टप्प्यांच्या मांडणीची स्वतःची बाजूही इथेच लंगडी आहे. तिच्या बाजूचा बराचसा पुरावा शिकाऊ माणसांनी स्वतःबद्दल भरून दिलेल्या प्रश्नावल्यांचा आहे. टप्पा ओळखून केलेल्या सुपरव्हिजनमुळे सेवार्थीचं किती भलं झालं, याचं मोजमाप फारच थोडं झालं आहे.

सुपरव्हायझरही याच टप्प्यांतून जातो. नवा सुपरव्हायझर स्वतःच धास्तावलेला, नियम धरून चालणारा. नवख्या कार्यकर्त्याशी त्याचं बरं जमतं, कारण दोघांनाही आखीव वाट हवी असते. त्याच्या हाती मधल्या टप्प्यावरचा, उमेद हरवलेला कार्यकर्ता दिला तर तो त्या चढउतारांना बेशिस्त समजण्याचा संभव असतो. जोड्या लावताना हे पाहायला हवं. प्रत्यक्षात बहुतेकदा पाहिलं जातं ते इतकंच, की कोणाकडे किती केसेस आहेत आणि कोणाची वेळ मोकळी आहे.