जर्सी, एचएफ आणि दुधातली न पचणारी साखर

डेअरीवर दूध घालायला गेलं की फॅट किती लागली आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती एवढंच बघतात, दर त्यावरच निघतो. दुधातली साखर म्हटली की आपल्याला लॅक्टोज माहीत, लिटरला साधारण ४५ ते ५० ग्रॅम, काहींना ती सोसत नाही, पोट गुबारतं, इथवर ठीक. पण तिच्यासोबत साखरांचं अजून एक छोटं टोळकं असतं जे आपल्यापैकी कुणालाच पचत नाही, आणि न पचणं हाच त्यांचा उपयोग आहे! ऑलिगोसॅकराइड म्हणतात त्यांना.

कासेत लॅक्टोज तयार झालं की त्यातल्या थोड्याला पुढे अजून तुकडे जोडले जातात, कुठे गॅलॅक्टोज, कुठे फ्युकोज, कुठे सियालिक ॲसिड. हे जोड तोडणारं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नाही, म्हणून ही साखर तशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले बायफिडोबॅक्टेरिया नावाचे उपयोगी जंतू तिच्यावर ताव मारतात. प्रीबायोटिक म्हणतात ते हेच, बॅक्टेरिया नव्हे तर बॅक्टेरियाचं खाणं.

आईच्या दुधात ही लिटरला ५ ते १५ ग्रॅम असते आणि तिचे दीडशेच्या वर प्रकार सापडलेत. बाळाला त्यातलं काहीच पचत नाही, म्हणजे आईचं शरीर एवढी मेहनत घेऊन बाळासाठी नाही तर बाळाच्या पोटातल्या जंतूंसाठी स्वयंपाक करतंय, मला तरी हे वाचून थक्क व्हायला झालं होतं. आणि गाईच्या दुधात? लिटरला ०.०३ ते ०.०६ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या लिटरात मोजून साखरेचे शंभरेक दाणे. शिवाय साखरेचे प्रकारही वेगळे, आईच्या दुधात फ्युकोजवाल्या साखरा भरपूर, गाईच्या दुधात त्या नावालाच आणि सियालिक ॲसिडवाल्याच जास्त. त्यातली सगळ्यात मोठी वाटेकरी म्हणजे थ्री-प्राइम-सियालिललॅक्टोज. नाव लांबलचक आहे पण वस्तू साधी, लॅक्टोजच्या टोकाला सियालिक ॲसिडचा एक तुकडा चिकटलेला, बस.

आता गाईच्या जातीचं बघू. २०१२ साली डेन्मार्कमधल्या जर्सी आणि होल्स्टिन फ्रिजियन (आपली एचएफ हो) गाईंच्या दुधाची मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून ते ओळखायची पद्धत) केलेली तुलना छापून आली. जर्सीच्या दुधात सियालिक ॲसिडवाल्या आणि फ्युकोज लागलेल्या गुंतागुंतीच्या साखरांचं प्रमाण तुलनेनं जास्त निघालं, तर एचएफच्या दुधात लहान, साध्या साखरा जास्त. म्हणजे आपल्याकडे जिला उठसूट नावं ठेवतात ती जर्सी इथे आईच्या दुधाच्या जरा जवळ गेली. पण त्याच तपासणीत एकाच जातीच्या दोन गाईंमध्येही बराच फरक दिसला, तेव्हा नुसती जात बघून दुधात काय आहे ते सांगता येत नाही. आणि त्या तुलनेत गीर, साहिवाल, खिल्लार, देवणी यातली एकही गाय नव्हती, त्यामुळे त्या तपासणीचा हवाला देऊन कोणी देशी दूध चढ्या भावात गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. ए-टूचं लेबल तर इथे लागूच नाही, तो बीटा-केसीन या प्रोटीनचा मामला, साखरेशी त्याचा काही संबंध नाही.

जातीपेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो तो गाय कधी व्यायली यानं. व्यायल्यावरच्या पहिल्या चिकात ही साखर लिटरला ०.७ ते १.२ ग्रॅमपर्यंत असते, म्हणजे नेहमीच्या दुधाच्या वीसपट तरी धरा, आणि दोन-तीन दिवसांत ती धाडकन खाली येते. थोडक्यात, ज्या चिकाचा आपण गूळ-वेलची घालून खरवस करतो त्यात ती सगळ्यात जास्त. पण म्हणून कोणी खरवसाला औषध समजू नये, वाटीभर खरवसात गूळच या साखरेच्या कितीतरी पट जास्त असतो. आणि पहिल्या काही तासांचा चीक आधी वासराला पोटभर पाजायचा, कारण जन्मतः त्याच्याकडे आईच्या अँटिबॉडीज नसतात, त्या चिकातूनच मिळतात. उरला तर खरवस.

मग एवढ्याशा साखरेचं कौतुक कशाला? तर चीज करताना जी निवळी (व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं पाणी) उरते ती डोंगराएवढी असते, तिच्यातलं प्रोटीन काढून घेतल्यावरही ही साखर त्या पाण्यात राहते, आणि कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातली मंडळी ती तिथून गाळून काढायच्या मागे आहेत. लिटरमागे कणभरच, पण लिटरच इतके की गोळा केली तर कामाला येईल. बाळाच्या पावडरच्या दुधात घालायची हा त्यामागचा एक विचार. ही साखर जास्त देणाऱ्या गाई हुडकायच्या त्या यासाठी, घरच्या पेलाभर दुधासाठी नाही.

आपल्याकडे चक्का टांगला की खाली जे पाणी गळतं ते पण निवळीच, पाण्यात विरघळणाऱ्या या साखरा तिच्यातही उतरतात. मोरीत ओतू नका, थालीपिठाचं पीठ भिजवायला मस्त लागतं, फक्त मीठ जरा बेतानं घाला कारण आंबटपणा असतोच.