पन्नास मीटरची रायफल आणि बायथलॉनची रायफल : काडतूस एकच, घडण वेगळी

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या 50 मीटर थ्री पोझिशन्सची (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) रायफल आणि बर्फावर स्की करत धावणाऱ्या आणि मध्ये थांबून नेम साधणाऱ्या बायथलॉनपटूच्या पाठीवरची रायफल शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. दोन्हींत पॉइंट टू-टू लाँग रायफल हेच काडतूस चालते, दोन्हींचे लक्ष्य 50 मीटरवर असते आणि जर्मनीतील आन्शुट्झ ही कंपनी दोन्ही बनवते. मात्र पहिली सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी आहे, तर दुसरी रिपीटर, म्हणजे मॅगझिन या काडतुसांच्या पेटीतून एकामागून एक काडतूस घेणारी. आणि पहिलीला मॅगझिन जोडले की दुसरी तयार होते, हा समज चुकीचा आहे.

सिंगल-शॉट रायफलीत नेमबाज प्रत्येक काडतूस हाताने घालतो. शेजारच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात काडतुसे उभी खोचलेली असतात. त्यांतील एक चिमटीत धरून तो ते लोडिंगच्या पन्हळीत आडवे ठेवतो आणि बोल्ट, म्हणजे काडतूस पुढे ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, हळूच पुढे सारतो. गोळीचे मऊ शिशाचे टोक कशावरही न घासता सरळ चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील काडतुसाच्या जागेत, जाते. 50 मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढे असते आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात; तेथे गोळीवरचा ओरखडाही नेमबाजाला नको असतो. शिवाय बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घराला, म्हणजे रिसीव्हरला, खालून मॅगझिनसाठी खाच नसल्यामुळे ते अधिक ताठ राहते. घाईचे कारणही नसते, कारण पात्रता फेरीत 60 गोळ्यांसाठी दीड तास मिळतो. एक-एक काडतूस भरण्याचे बंधन तर नियमातच आहे.

अशी रायफल रिपीटर करायची म्हणजे हा ताठपणा आणि हा सरळ मार्ग दोन्ही सोडून द्यायचे. मॅगझिनमधून वर येणारे काडतूस थोडे तिरके येते, उतारावरून चढते आणि मग चेंबरकडे वळते. रिकामे टरफल दर वेळी न चुकता बाहेर फेकले गेले नाही, तर पुढचे काडतूस अडकते. बोल्ट, रिसीव्हर आणि लाकडी दस्ता या तिन्हींची मोजणी नव्याने मांडावी लागते. म्हणून कारखाने जुन्या घडणीत भोक न पाडता रिपीटर मुळापासून वेगळी घडवतात. माझ्या मते जुन्या टार्गेट रायफलीवर असा प्रयोग करणे म्हणजे चांगली वस्तू बिघडवणेच होय.

बायथलॉनमध्ये हिशेब उलटा असतो. छाती धापत असताना खेळाडूला पाच लक्ष्ये पाडायची असतात. झोपून मारताना लक्ष्य 45 मिलिमीटरचे असते आणि उभ्याने 115 मिलिमीटरचे. गोळी मधोमध लागली की कडेला, याचे वेगळे गुण नाहीत. लागली किंवा हुकली, एवढेच. स्प्रिंटसारख्या शर्यतीत प्रत्येक चुकीला 150 मीटरची जादा फेरी पदरात पडते. येथे वेळ महाग असल्यामुळे पाच गोळ्यांचे मॅगझिन आणि फोर्टनर पद्धतीचा सरळ ओढायचा बोल्ट वापरला जातो. साध्या बोल्टची मूठ आधी वर उचलून मग मागे ओढावी लागते. येथे तर्जनीने मागे आणि अंगठ्याने पुढे, इतकेच, आणि पंजा पकडीवरून फारसा हलतही नाही. कसलेला खेळाडू पाचही गोळ्या अर्ध्या मिनिटाच्या आत संपवतो.

रिपीटर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकही नव्हे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सुटलेल्या गोळीच्याच जोरावर पुढचे काडतूस भरले जाते; रिपीटरमध्ये ते काम हातानेच होते आणि बायथलॉनच्या नियमांना हाताचेच काम मान्य आहे. आपल्याकडे तर शस्त्र अधिनियम, 1959 मधील 2019 च्या दुरुस्तीनुसार, शस्त्र नियमांत नोंदलेल्या एका वर्गातील बंदूक दुसऱ्या वर्गात बदलण्यासाठीही परवाना लागतो. तेव्हा घरच्या कानशीने हा उद्योग करण्याचा प्रश्नच येत नाही.

बायथलॉनच्या रिलेत मात्र दोन्ही पद्धती एकाच रायफलीत दिसतात. तेथे मॅगझिनमधल्या पाच गोळ्यांखेरीज प्रत्येक वेळी तीन जादा काडतुसे मिळतात आणि ती एकेक करून हातानेच भरावी लागतात. थंडीने आखडलेल्या बोटांतून एखादे काडतूस बर्फात निसटते, आणि रिपीटरवाला तेवढ्यापुरता सिंगल-शॉटचा नेमबाज होऊन ते चाचपडत शोधू लागतो.