हयगयीचे दायित्व, हौशी खेळांतील (कोकण किनारा)

हौशी क्रीडाप्रसंगी खेळाडूला, प्रेक्षकाला किंवा वाटसरूला आयोजकाने योग्य ती काळजी न घेतल्यामुळे इजा झाली, तर तिची भरपाई करण्याची दिवाणी जबाबदारी. अपकृत्यविधीचा (दिवाणी स्वरूपाच्या अपराधांची भरपाई ठरवणाऱ्या कायद्याचा, इंग्रजीत ‘टॉर्ट’) हा भाग भारतात संहिताबद्ध नाही. पोलिसांच्या फिर्यादीत येणारे ‘हयगयीने व बेदरकारपणे’ हे शब्द फौजदारी कलमांचे आहेत, त्यांची येथे गल्लत करू नये. कोकणात हा प्रश्न मुख्यतः पुळणीवरच्या बैलगाडा शर्यती, मालवण-तारकर्लीकडची जलक्रीडा आणि समुद्रातील पोहण्याच्या स्पर्धा यांच्या संदर्भात उभा राहतो.

उगम : या तत्त्वाचे मूळ कोठले, याविषयी दोन मते आहेत. एक मत ते धर्मशास्त्रात शोधते. मनुस्मृतीच्या (सर्वसाधारणपणे इ. स. पू. 2 रे ते इ. स. 3 रे शतक, अलीकडचे अभ्यासक उत्तरार्धाकडे झुकतात) आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, अथवा गाडीवानाने ‘बाजूला हो’ असे ओरडून सांगितले, तर दंड नाही. गाडीवानाच्या अकौशल्याने गाडी भरकटून हिंसा झाली तर मालकाला दोनशे पण (‘पण’ हे प्राचीन नाणे) दंड. गाडीवान कुशल असेल तर दंड त्यालाच. आणि अकुशल गाडीवानाच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला शंभर पण. नवशिक्याला गाडी देणाऱ्या मालकाला जबाबदार धरणारा हा विचार शर्यतीलाही लागू पडावा इतका नेमका आहे. मात्र हा दंड राजाकडे जातो, जखमीला मिळत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. त्याच अध्यायात जखम करणाऱ्याने बरे होण्याचा खर्च, म्हणजे ‘समुत्थानव्यय’, द्यावा असेही म्हटले आहे. त्यामुळे भरपाईची कल्पना येथे परकी होती असे मात्र म्हणता येत नाही.

दुसरे मत रोमन विधीकडे पाहते. 533 मध्ये सिद्ध झालेल्या रोमन सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये (विधिज्ञांच्या मतांच्या संग्रहात) एक उदाहरण आहे : चेंडू खेळणाऱ्यांच्या जवळ बसून न्हावी दाढी करत होता, चेंडू त्याच्या हातावर आदळला आणि गिऱ्हाइकाचा गळा कापला गेला. एका विधिज्ञाने दोष न्हाव्याला दिला. पण अशा धोक्याच्या जागी दाढीला बसणाऱ्याने स्वतःलाच बोल लावावा, असेही तेथे म्हटले आहे. स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्याला तक्रार करता येत नाही, या सूत्राशी याचे नाते उघड आहे. प्रस्तुत विधीची प्रत्यक्ष वाट मात्र इंग्लंडमधून आली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. लिखित कायदा नसेल तेथे ब्रिटिश भारतातील न्यायालये ‘न्याय, समता व सद्सद्विवेक’ या तत्त्वाने निकाल देत. त्याचा अर्थ येथील परिस्थितीला मानवेल तेवढा इंग्लिश कायदा, असा प्रिव्ही कौन्सिलने (त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने) 1887 मध्ये लावला.

संमतीची मर्यादा : इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील मोटारशर्यतीच्या निवाड्यात (1933) प्रेक्षक खेळातला अटळ धोका पत्करतो असे ठरले, तर बोल्टन विरुद्ध स्टोन (1951) मध्ये मैदानाबाहेर क्वचितच जाणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूसाठी क्लबला जबाबदार धरले गेले नाही. दोन्ही निकाल आयोजकाच्या बाजूचे असले तरी धोका कितपत संभवनीय होता, हाच त्यांचा निकष आहे. शर्यतीत बैल उधळणे संभवनीयच असते. म्हणून प्रेक्षकाने मान्य केलेला धोका वेगाचा आहे, कठडा नसण्याचा नाही. करमणुकीसाठी एकमेकांशी पट्टा खेळणाऱ्यांचे उदाहरण भारतीय दंड संहितेच्या कलम 87 मध्ये होते (आता भारतीय न्याय संहिता, कलम 25). तेथेही खेळ नियमाने झाला, तरच संमती कामी येते.

कोकणातील स्वरूप : शर्यत ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर होते. भरती चढू लागली की पट्टा अरुंद होतो आणि लोक धावपट्टीला चिकटतात. उधाणाच्या दिवशी हे अधिक लवकर घडते. भरतीची वेळ आधी ठाऊक असते, म्हणून या बाबतीत ‘अचानक’ हा बचाव टिकणे कठीण. बैलगाडा शर्यतींवरील 2014 च्या बंदीनंतर राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला व सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी तो वैध ठरवला. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण परवानगी हे काळजी घेतल्याचे प्रमाणपत्र नव्हे. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक मृत्यू पावले. पाण्याखाली उतरण्याचा धोका पत्करलेल्याने परतीच्या बोटीचा धोका पत्करलेला नसतो, हा भेद येथे महत्त्वाचा आहे.

‘माझ्या जबाबदारीवर’ असा मजकूर असलेल्या अर्जावर सही घेण्याची पद्धत आहे. अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असल्याने (प्रिव्ही कौन्सिल, 1903) मुलाची सही निरुपयोगी ठरते. प्रौढाची सही धोका ठाऊक असल्याचा पुरावा ठरू शकते, आयोजकाच्या हयगयीला माफी नव्हे. जखमीचीही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते.

दाद : पैसे देऊन जलक्रीडा करणारा ‘ग्राहक’ असतो, त्याला दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. गावच्या शर्यतीच्या फुकट प्रेक्षकाला मात्र दिवाणी दावा करावा लागतो. मंडळ नोंदणीकृत नसेल तर दावा पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः होतो. मृत्यू झाल्यास वारसांचा दावा 1855 च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली, मृत्यूपासून दोन वर्षांत. उच्च न्यायालयाच्या पातळीवर रत्नागिरी व सिंधुदुर्ग ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. रायगड मुंबईकडेच राहिला.