ताऱ्याच्या खड्ड्यात पोहायला

ओमानमध्ये मस्कतहून सूर शहराकडे जाणाऱ्या महामार्गाने सुमारे १२० किलोमीटर गेले की दिबाब गावाजवळ, सपाट माळावर, अचानक एक खड्डा समोर येतो. रुंदी साधारण ५० मीटर, लांबी ७०, खोली २०च्या आसपास. तळाशी हिरवट निळे पाणी, उतरायला सिमेंटच्या पायऱ्या आणि समुद्र जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर. इंग्रजी पाट्यांवर हा बिम्मा सिंकहोल, अरबीत हवियत नजम, म्हणजे ताऱ्याचा खड्डा. मस्कतच्या मराठी कुटुंबांना शुक्रवारी डबे भरून सकाळी निघायचे आणि दुपारी परतायचे, एवढ्यासाठी ही जागा अगदी सोयीची. सोबत एक गोष्टही फुकट मिळते. आकाशातून तारा पडला आणि खड्डा झाला, ही.

गोष्ट छान आहे, पण इथे तारा, उल्का, अशनी यांपैकी काहीही पडलेले नाही.

अशनीचे विवर कसे असते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसाल्टमध्ये आहे. त्याची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा उचललेली आहे, काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत आणि आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिज, मॅस्केलिनाइट, तिथे सापडले आहे. बिम्माच्या काठावर उभे राहून पाहा. कड उचललेली नाही. भिंतीतले थर जवळजवळ आडवे, सुरीने केक कापावा तसे तुटलेले. गंमत अशी, की लोणारला खरोखर आकाशातून दगड पडला आणि लोकांनी कथा रचली लवणासुराची. बिम्माला काम केले पाण्याने आणि श्रेय मिळाले ताऱ्याला.

मस्कतला वर्षभरात पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. मुंबईत जुलैमधला एखादा दिवस एवढा पाऊस देऊन जातो. मग एवढा मोठा खड्डा खोदायला पाणी आले कुठून? मागे हाजर पर्वताची चुनखडकाची भिंत उभी आहे. डोंगरावर पडणारे थोडेफार पाणी भेगांतून आत मुरते आणि जमिनीखालून समुद्राकडे सरकते. वाटेत ते खडक विरघळवते.

ही विक्रिया शाळेत सगळ्यांनी पाहिलेली असते, पण अर्धीच. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, इथे प्रयोग संपतो. खरी मजा पुढे आहे. फुंकत राहिलात तर ती पुन्हा नितळ होते. आधी तयार झालेले कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडकच, जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळते. घरी करायचे तर पानाचा चुना एक चमचा, पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या. इथे बहुतेकांचा प्रयोग फसतो, कारण निवळी तशीच वापरली जाते. संपृक्त, म्हणजे आणखी चुना मावणार नाही अशा, निवळीतून इतके कार्बोनेट तयार होते की श्वासातल्या सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइडला ते सगळे परत विरघळवता येत नाही. म्हणून निवळीच्या एका भागात शुद्ध पाण्याचे नऊ भाग घाला. मग स्ट्रॉने पाच-दहा मिनिटे फुंका, किंवा दम लागत असेल तर थंडगार साधा सोडा थोडा थोडा ओता. मुलांना स्ट्रॉ ओढू देऊ नका आणि चुना डोळ्यांपासून लांब ठेवा.

आता खरी अडचण. डोंगरातून आलेले पाणी किनाऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर पोटभर चुनखडक खाऊन बसलेले असते. ते संपृक्त झाले, म्हणजे त्याची भूक संपली. समुद्राच्या वरच्या थरातले पाणी तर कॅल्शियम कार्बोनेटने आधीच भरलेले असते. ही दोन तृप्त पाणी एकत्र आली तर खडक विरघळण्याचे काहीच कारण नाही, असे वाटते. प्रत्यक्षात भूक तिथेच पुन्हा लागते. याला मिश्रणजन्य क्षरण म्हणता येईल. आल्फ्रेड बोग्ली या स्विस शास्त्रज्ञाने १९६४ साली गुहांच्या संदर्भात हे मांडले आणि चुनखडकाच्या अभ्यासातली ही सर्वांत सुंदर युक्ती आहे, असे माझे ठाम मत आहे.

कारण गणितात आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड आठपट केला तर विरघळणारा चुनखडक आठपट होत नाही, फक्त दुप्पट होतो. सत्तावीसपट केला तर तिप्पट. म्हणजे हे नाते घनमुळाचे आहे. समजा, एका पाण्यात कार्बन डायऑक्साइड १ एकक आणि विरघळलेला खडक १ एकक. दुसऱ्यात २७ आणि ३. दोन्ही तृप्त. समान भागांत मिसळा. कार्बन डायऑक्साइड झाला सरासरी १४, खडक झाला सरासरी २. पण १४ एकक कार्बन डायऑक्साइड असलेले पाणी किती खडक धरू शकते? १४ चे घनमूळ २.४१. म्हणजे ०.४१ एवढी जागा रिकामी, जी मिसळण्यापूर्वी दोघांकडेही नव्हती. (विरघळताना थोडा कार्बन डायऑक्साइड खर्च होतो, त्यामुळे खरी जागा याहून कमी भरते, पण शून्य होत नाही.) आलेख काढलात तर संपृक्ततेची रेषा धनुष्यासारखी वाकलेली दिसेल. दोन संपृक्त पाणी म्हणजे धनुष्याची दोन टोके, आणि त्यांचे प्रत्येक मिश्रण पडते ते प्रत्यंचेवर, धनुष्याच्या खाली.

समुद्राच्या पाण्यात याला मिठाचीही जोड मिळते. सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट यांच्या आयनांच्या गर्दीत कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना सहज भेटत नाहीत, जत्रेत चुकामूक व्हावी तसे. त्यामुळे जास्त खडक विरघळलेला राहू शकतो, आणि हा परिणामही सरळ रेषेत वाढत नाही. दोन्ही मिळून गोड-खाऱ्याच्या काही ठराविक प्रमाणांत मिश्रण भुकेले होते. मेक्सिकोतल्या युकातानचे प्रसिद्ध सेनोते, म्हणजे पाण्याने भरलेले खड्डे, तिथेही किनाऱ्याजवळ हेच चालते. खडक वरून नव्हे, तर जिथे दोन पाणी भेटतात त्या पातळीवर, आतून पोखरला जातो.

पोकळी मोठी झाली की प्रश्न छताचा. चुनखडकाची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट धरा. पोकळी भरलेली असताना पाण्यात बुडालेल्या खडकाचे २.५ मधले १ वजन पाणी तोलते, उरते १.५. पाणी उतरले की वजन पुन्हा २.५, म्हणजे भार दोन तृतीयांशाने वाढला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, जगभर समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. अशा काळात किनाऱ्याजवळच्या गुहांचा आधार जातो. मग छत बसते.

पोहायला उतरताना हे सगळे उपयोगी पडते. छत पडून झालेल्या खड्ड्याचा तळ एकसारखा नसतो. पायऱ्यांजवळ मुलांच्या कमरेएवढे पाणी असते आणि काही पावलांतच पाय टेकत नाहीत. पाण्याखाली पडलेल्या शिळा वरून दिसत नाहीत, म्हणून काठावरून उड्या मारायच्या नाहीत, मग शेजारी कोणी मारत असले तरी. भिंती काही ठिकाणी पुढे झुकलेल्या आहेत, त्यांच्या खाली चटई अंथरून डबा उघडू नये. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, रबरी तळाचे बूट पायात ठेवूनच उतरा. जीवरक्षक असेलच असे धरू नका. पोहता न येणाऱ्या प्रत्येकाला अंगाच्या मापाचे लाइफ जॅकेट घाला, दंडाला बांधायचे फुगे चालणार नाहीत. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत, ही गावाजवळची सार्वजनिक जागा आहे.

पायाला छोटे मासे टोचतील. ते शेवाळ आणि मृत त्वचा खातात. याला 'फिश स्पा' म्हणून सोरायसिसवरचा इलाज ठरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. पायाला जखम असेल तर पाणी टाळलेलेच बरे.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य. सकाळी सहाला निघालात तर साडेसातपर्यंत पोहोचाल, आणि तेव्हा गर्दीही कमी असते. पाण्यात तहान जाणवत नाही, पण ऊन अंगातले पाणी खेचतच असते. माणशी ३ लिटर पिण्याचे पाणी गाडीत हवे. सनस्क्रीन लावले असेल तर पाण्यात जाण्याआधी पुसा, या डबक्यातले पाणी नदीसारखे वाहून जात नाही. पुढे अर्ध्या तासाच्या आत वादी शाब आहे (वादी म्हणजे नदीची दरी), पण डोंगरावर ढग दिसत असतील तर वादीत शिरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरून पाण्याचा लोंढा येऊ शकतो.

पोहण्याचा चष्मा मात्र न्या. गोडे पाणी हलके, खारे जड, आणि जिथे ती मिसळत असतात तिथे पाण्याखालचे दृश्य साखर विरघळत असलेल्या पेल्यासारखे थरथरते. तसा थर कुठे दिसला तर हात हलवून ढवळू नका, थोडा वेळ स्थिर राहून बघा.