हौशी रेडिओ उपग्रहांवरील वारंवारता-विचलन व गोंगाट

हौशी रेडिओ उपग्रहामार्फत संभाषण चालू असताना संदेशाची वारंवारता ठरलेल्या जागेवरून सतत सरकत राहते, त्यास वारंवारता-विचलन म्हणतात. संदेशासोबत रिसीव्हरमध्ये शिरणारी किंवा रिसीव्हरमध्येच निर्माण होणारी नको असलेली ऊर्जा म्हणजे गोंगाट. हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या, बोलण्यात तो ‘नॉइज’ असतो. दोन्हींची कारणे वेगळी असली, तरी त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. गोंगाट कमी करण्यासाठी फिल्टर अरुंद करावा, तर सरकणारा संदेश त्यातून निसटतो. आणि संदेश सुटू नये म्हणून फिल्टर रुंद ठेवावा, तर गोंगाट वाढतो. बॅंडविड्थ, म्हणजे फिल्टरमधून जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी, 2,400 हर्ट्झवरून 500 हर्ट्झवर आणल्यास गोंगाट सुमारे 7 डेसिबलने घटतो, पण मोर्सचा संदेश त्या 500 हर्ट्झमध्ये टिकला तरच या लाभाला अर्थ असतो.

विचलनाचे मुख्य कारण डॉप्लर परिणाम, म्हणजे उगम जवळ येताना वारंवारता वाढणे व दूर जाताना घटणे, हे आहे. सुमारे 400 किमी. उंचीवरील उपग्रह क्षितिजावर उगवताना निरीक्षकाकडे सेकंदाला 7 किमी.हून अधिक वेगाने येत असतो, त्यामुळे 145 मेगाहर्ट्झचा संदेश सुमारे 3.5 किलोहर्ट्झ आणि 435 मेगाहर्ट्झचा संदेश सुमारे 10.5 किलोहर्ट्झ वर ऐकू येतो; मावळताना तो तितकाच खाली गेलेला असतो. हा बदल एकसारख्या गतीने होत नाही. उगवती-मावळतीला वारंवारता जवळजवळ स्थिर भासते आणि उपग्रह डोक्यावरून जात असताना, म्हणजे तो सर्वांत जवळ व संदेश सर्वांत सबळ असताना, 435 मेगाहर्ट्झवर ती सेकंदाला शंभराहून अधिक हर्ट्झने घसरते. म्हणूनच संगणकाने आपोआप ट्यूनिंग करवून घेताना कक्षेची माहिती ताजी असून भागत नाही, घड्याळही बिनचूक लागते.

अनेक उपग्रहांवरील रेषीय ट्रान्सपाँडर (आलेले संदेश दुसऱ्या वारंवारता-पट्ट्यावर नेऊन परत पाठवणारे यंत्र) वर्णपट उलटा करून, म्हणजे वरच्या वारंवारता खाली व खालच्या वर नेऊन, परत पाठवतो. अशा वेळी अपलिंक (उपग्रहाकडे जाणारा संदेश) व डाउनलिंक (उपग्रहाकडून येणारा संदेश) यांची डॉप्लर विचलने एकमेकांतून वजा होतात. 145 मेगाहर्ट्झवर पाठवून 435 वर ऐकल्यास उरते ते सुमारे 290 मेगाहर्ट्झच्या संदेशाला लागू पडेल एवढेच. तरीही उरलेली दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न राहतोच, कारण प्रत्येक केंद्राचे डॉप्लर वेगळे असते. उपग्रहापाशी आपली वारंवारता स्थिर राहील अशा रीतीने प्रक्षेपण व ग्रहण ही दोन्ही ट्यूनिंगे सतत बदलत ठेवणे, हे त्याचे सर्वांत निर्दोष उत्तर आहे. हाताने ट्यून करणारे सहसा दोहोंपैकी अधिक वारंवारतेची बाजू फिरवतात. एफ.एम. उपग्रहांवर 5 किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी काम भागते.

डॉप्लरचे गणित आधी मांडता येते, वारंवारता निर्माण करणाऱ्या आंदोलकांचे तसे नसते. सावलीतून उन्हात आलेल्या उपग्रहाचे तापमान बदलते आणि आंदोलकातील स्फटिकाची वारंवारता ढळते; 435 मेगाहर्ट्झवर दशलक्षात एक भागाची चूक म्हणजे 435 हर्ट्झ. 15 नोव्हेंबर 1974 रोजी सोडलेला हौशी उपग्रह ऑस्कर-7 हे याचे बोलके उदाहरण. 1981 मध्ये बॅटऱ्या निकामी होऊन तो मूक झाला आणि 2002 मध्ये निव्वळ सौर पट्ट्यांवर पुन्हा बोलू लागला. त्याच्याकडे कोणी प्रमाणाबाहेर शक्तीने प्रक्षेपण केले, तर विद्युत्‌दाब ढासळून वारंवारता ढळते आणि सर्वांचेच आवाज थरथरू लागतात.

गोंगाटाच्या बाबतीत 145 मेगाहर्ट्झवर आकाशगंगेचा व वस्तीतील विद्युत उपकरणांचा वाटा मोठा असतो. आकाशगंगेचा गोंगाट वारंवारता वाढेल तसा झपाट्याने ओसरतो, म्हणून 435 मेगाहर्ट्झवर रिसीव्हर व केबल यांनाच अधिक दोष जातो. पूर्वप्रवर्धक (क्षीण संदेश रिसीव्हरआधी सबळ करणारा) अँटेनापाशी बसवतात तो याच कारणाने: त्याच्या आधीच्या केबलमध्ये गमावलेला प्रत्येक डेसिबल रिसीव्हरच्या गोंगाट-अंकात (तो स्वतः किती गोंगाट मिसळतो त्याच्या मापात) जसाच्या तसा मिळवला जातो. स्वतःच्या प्रक्षेपणाचा उपद्रव मात्र नवख्यांच्या उशिरा लक्षात येतो. 145.9 मेगाहर्ट्झचा तिसरा गुणज (तिप्पट वारंवारता) 437.7 मेगाहर्ट्झ हा नेमका डाउनलिंकच्या पट्ट्यात पडतो आणि प्रक्षेपणाचे बटण दाबताच उपग्रह जणू नाहीसा होतो. अशा वेळी शक्ती वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो. दोन अँटेनांमधील अंतर व योग्य फिल्टर यांनीच फरक पडतो.

25.9 अंश पूर्व रेखांशावरील भूस्थिर (जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) क्यूओ-100 उपग्रहावर डॉप्लर नगण्य आहे. तेथे विचलन मुख्यत्वे डाउनलिंकच्या 10,489 मेगाहर्ट्झसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वस्त एल.एन.बी.मुळे (अँटेनापाशी संदेश सबळ करून त्याची वारंवारता खाली आणणाऱ्या जोडणीमुळे) येते, कारण तिच्या 9,750 मेगाहर्ट्झच्या आंदोलकात दशलक्षात एक भागाचा फरक पडला तरी संदेश जवळजवळ 10 किलोहर्ट्झ सरकतो. त्यामुळे तेथील सॉफ्टवेअर उपग्रहाच्या बीकनला (सतत येणाऱ्या खूण-संदेशाला) धरून चूक वजा करते. बीकनचाच उपयोग शक्ती जोखण्यासाठीही होतो: त्याच्याहून सबळ संदेश आढळल्यास यंत्रणा त्या संदेशावर भोंग्याचा आवाज चढवते.